करवंद कुठे लावायचं : उन्हाचं सोडा, आधी जमिनीखाली बघा

लातूरच्या नव्या लेआउटमधल्या भाऊंनी विचारलंय की काळ्या मातीच्या प्लॉटवर करवंदाचं पहिलं रोप पावसाळ्यात कुजलं, आता दुसरं कुठे लावू. त्यांच्यासमोर तीन जागा आहेत: कंपाउंडच्या बाहेर रस्त्याकडेला, गेटजवळ, किंवा मागे न्हाणीचं पाणी जातं तिथे. हा प्रश्न मी भोगलेला आहे, म्हणून जरा लांबड लावतो. मी काही कृषी पदवीधर नाही. बालाघाटाच्या पायथ्याला घर आहे आणि झाडांची हौस आहे, एवढंच. माती जागोजागी बदलते, तेव्हा माझं तंतोतंत तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही.

ऊन किती लागतं वगैरे सोडून देतो. मराठवाड्यात उन्हाची कमी कुणाला आहे? करवंदाला भरपूर ऊन हवं आणि ते आपल्याकडे फुकट आहे. हे झाड मुळात डोंगरउताराचं. मुरमात, दगडांच्या फटीत वाढतं. पाणी नसलं तर तग धरतं, पण पाणी तुंबलं की संपलं.

म्हणून न्हाणीच्या पाण्याची जागा आधी बाद करा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आपल्या लोकांना सांडपाण्याचा एक थेंबही वाया घालवावासा वाटत नाही, हे समजतं. पण ते पाणी केळीला द्या, अळूला द्या. सतत ओल आणि साबण ही करवंदाची जागा नव्हे. शोषखड्ड्यापासूनही लांबच ठेवा.

काळ्या मातीत खड्डा घेऊन त्यात मुरूम आणि शेणखत भरायचं, हा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. भोवतीची चिकण माती पाणी सोडत नाही, मग आजूबाजूचं सगळं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात येऊन बसतं. म्हणजे तुम्ही जमिनीत एक घमेलं पुरलं आणि त्यात रोप लावलं. तुमचं पहिलं रोप यानेच गेलं असावं, असा माझा अंदाज. त्यापेक्षा जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच आणि तीन-चार फूट रुंद असा मुरूम-मातीचा ढीग करा आणि रोप त्याच्यावर लावा.

निचरा बघायला दीड फुटाचा खड्डा घेऊन पाणी ओततात. पण ही परीक्षा मे महिन्यात करू नका. तेव्हा जमीन भेगाळलेली असते, पाणी भेगांतून गायब होतं आणि तुम्हाला वाटतं वा, काय निचरा आहे! पावसाळ्यात त्याच भेगा फुगून मिटतात. चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर बघा. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं तर जागा बदला, किंवा ढीग आणखी उंच करा.

आता कंपाउंडच्या बाहेरची जागा. इथे मी पोळलोय.

आमच्याकडेही भिंतीबाहेर रस्त्यालगत पट्टा मोकळा होता, निचरा झकास, मुरमाड. करवंदाची काटेरी रांग लावली की जनावरं येणार नाहीत, असा विचार. लावण्याआधी रीतसर एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही, गावात राहायचंय). विचारणं एवढंच होतं की इथून पाण्याची लाइन जाणार आहे का. एका टेबलावर म्हणाले, नकाशा पलीकडे. पलीकडचे साहेब रजेवर. साहेब आले तर नकाशा कपाटात आणि किल्ली तिसऱ्याकडे. शेवटी वैतागून त्यांनीच सांगितलं, "लावा हो, झाडाला कोण नाही म्हणतंय." लेखी मागितलं तर हसले.

झाडं कमरेच्या वर गेली, पहिला चांगला बहर धरला, आणि त्याच कार्यालयाच्या ठेकेदाराचा जेसीबी आला. सकाळी अर्ध्या तासात सगळी रांग मुळासकट रस्त्यावर. एक दिवस आधी सांगितलं असतं तर निदान काही झाडं हलवून बघितली असती. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "तुमच्याकडे लेखी काय आहे?" चर पावसाळाभर तशीच उघडी होती, त्यात शेजाऱ्याची गाडी अडकली ते वेगळंच. आता लिहितानाही डोकं फिरतं, जाऊ द्या.

तेव्हा माझं मत पक्कं आहे, कुणाला टोकाचं वाटो: जे झाड फळावर यायला तीन-चार वर्षं घेतं, ते आपल्या सातबाऱ्याच्या किंवा प्लॉटच्या हद्दीबाहेर लावायचं नाही. आतही नळाची लाइन, ड्रेनेजचे चेंबर, बोअरची केबल कुठून गेलीय ते बांधकामाच्या मिस्त्रीला विचारून घ्या. त्याला कार्यालयापेक्षा जास्त माहिती असते.

गेटजवळ नकोच. काटा टणक आणि बहुतेकदा दुफाट्याचा, येता-जाता बाह्या फाटतात, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला फांद्या येतात. काटेरी झाड दारात अशुभ म्हणणारेही भेटतील. लिंबालाही काटे असतातच, ते कुणी उपटत नाही.

मग उरतं काय? आतल्या बाजूचा कोपरा, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून, म्हणजे चारी बाजूंनी छाटता आणि तोडता येईल. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापून रात्रीपर्यंत आग ओकते, तिथे लावलं तर पहिला उन्हाळा बारदानाची सावली करा. जून-जुलैत वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की लावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी, मग फारसं लाड करू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर जवळ असेल तर करवंद तिच्या शेजारी लावू नका. दोघांनाही पांढरा चीक, आणि बिट्टीचं फळही पिकून काळं पडतं. ते विषारी आहे, आणि पोरांना फरक कळेलच असं नाही.

रोप घेताना कुठलं आहे ते विचारा. रानातली छोटी काळी मैना मे-जूनमध्ये पिकते, बागेतलं मोठं लालसर करवंद पावसाळ्यात. लोणच्याला दुसरं चांगलं. कच्ची करवंदं चिरण्याआधी हाताला आणि विळीला तेल लावा, नाहीतर चीक दोन दिवस जात नाही.