रंगपेटी : दौलताबादवरचा ड्रॅगन चिकटवल्यासारखा का दिसतो?

या वेळेस डिजिटल चित्राबद्दलच जास्त विचारणा आली आणि त्यातही ड्रॅगनच जास्त, त्यामुळं सगळं सदर त्यालाच देतोय. पहिलं उत्तर मोठं झालंय, पण बाकीच्यांनीही ते वाचावं, कारण पुढच्या उत्तरांत तेच परत सांगत बसणार नाही.

प्रश्न : सर, मी सेलूचा, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर बसलेला ड्रॅगन काढायलो, क्रिता ह्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. लॅपटॉप ८ जीबीचा आणि बिनस्क्रीनचा छोटा पेन टॅब्लेट आहे. किल्ला फोटो बघून काढला तो बरा जमलाय, पण ड्रॅगन काहीही केलं तरी वरून चिकटवल्यासारखाच दिसायलाय. पंख पाठीवर आणून ठेवल्यावानी वाटतात आणि खवले काढून काढून हात दुखला तरी अंग प्लास्टिकचंच वाटतंय. ब्रश पॅक डाउनलोड करून बघितले, फरक पडेना गेलाय. नेमकं कुठं चुकायलंय?

उत्तर : सोबत पाठवलेलं चित्र मोठं करून नीट बघितलं. हात चांगला आहे तुझा, तटबंदीचे दगड वगैरे मन लावून केलेत. अडचण अशी की किल्ला तू बघून काढलास आणि ड्रॅगन मनानं काढलास, म्हणून दोघं एका चित्रातले वाटेनात. ड्रॅगन कुणीच बघितलेला नाही हे खरं, पण तो ज्या जनावरांपासून बनतो ती सगळी आपल्या आसपास आहेत. ती बघितल्याशिवाय जगातला कुठलाच ब्रश कामाला येत नाही.

पंखापासून सुरू करू. किल्ल्यात तो अंधारा भुयारी मार्ग आहे ना, अंधारी म्हणतात तो, तिथं वटवाघळं असतात. किल्ला बघायला जाणारा नाक दाबून तिथून पळतो, पण ड्रॅगन काढणाऱ्यानं वटवाघळाचा पंख समजून घेतलाच पाहिजे. नाहीतर मग गावातल्या वडा-पिंपळावर मोठी वाघळं लटकतात ती बघ, संध्याकाळी उडायच्या आधी ती पंख उघडझाप करतात तेव्हा सगळी रचना दिसते. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच आहे : खांदा, कोपर, मनगट, आणि मनगटापासून पुढं लांबच लांब बोटं. अंगठा मोकळा राहतो, त्याला नखी असते, त्यानं ते फांदीला धरतं. बाकीची चार बोटं पडद्याच्या आत असतात, एक पुढच्या कडेनं जातं, एक थेट टोकापर्यंत, आणि उरलेली दोन पडद्याचे भाग पाडत मागच्या कडेला येतात. पडदा तिथंच संपत नाही, तो कुशीला चिकटत मागच्या पायापर्यंत जातो. तुझ्या चित्रात पडदा पाठीच्या मधोमध एका बिंदूवर संपलाय आणि त्यातल्या काड्या छत्रीच्या काड्यांसारख्या एकाच जागेवरून निघाल्यात, ना कोपर आहे ना मनगट. पंख ठेवल्यावानी वाटतो तो ह्याच्यामुळंच.

आता तुझ्या ड्रॅगनला चार पाय आणि वर दोन पंख आहेत, म्हणजे सहा अवयव झाले. कणा असलेल्या कुठल्याच जनावराला सहा नसतात, त्यामुळं इथं तुला थोडी जुळवाजुळव करावी लागणार. पंखाचा खांदा पुढच्या पायाच्या खांद्याच्या जरा मागं आणि वर घे, त्याला वेगळं खांद्याचं हाड दे, आणि छाती भरदार कर, कारण पंख खाली मारायचं सगळं बळ छातीच्या स्नायूतून येतं. एवढं अंग उचलणारा प्राणी सपाट छातीचा असूच शकत नाही. हे नको असेल तर दोनच पाय ठेव आणि पुढचे पाय म्हणजेच पंख कर, युरोपात त्या प्रकाराला वायव्हर्न म्हणतात. मला स्वतःला तो जास्त खरा वाटतो, बसताना तो वटवाघळासारखा मनगटावर टेकतो आणि ती पोझ किल्ल्याच्या तटावर भारी दिसेल.

अंगासाठी घोरपड बघ. पकडायची नाही हं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे, बांधावर दिसली तर लांबूनच बघायची, व्हिडिओ काढायचा. चालताना तिचे पाय अंगाखाली नसतात, बाजूला फाकलेले असतात आणि पाठ डावी-उजवीकडं वळत जाते. मानेची कातडी सैल असते, मान वळली की घड्या पडतात. त्या घड्या तुझ्या ड्रॅगनला एकही नाही, मान पाइपासारखी वळलीय. आणि खवले बघ, घोरपडीचे बारीक मण्यांसारखे, एकमेकांवर न चढलेले, तर धामणीचे एकावर एक चढलेले आणि पोटाखाली एकदम रुंद आडव्या पट्ट्या. तू मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच मापाचा खवला शिक्का मारल्यासारखा मारत गेलास. सांध्याजवळ बारीक कर, पाठीवर मोठे, पोटाला पट्ट्या. आणि सगळे काढूच नको! अंगावर जिथं उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात कातडीचा खडबडीतपणा सगळ्यात जास्त दिसतो, तिथं नीट काढ, भर उजेडात नुसते इशारे दे, गडद सावलीत काहीच नको. हाताचं दुखणं पण कमी होईल आणि प्लास्टिकपणा जाईल.

उजेडाचं सांगायचं तर हाच खरा मुद्दा आहे. तुझ्या किल्ल्यावर उजेड डावीकडून संध्याकाळचा आहे, कारण फोटो तसा होता, आणि ड्रॅगनवर उजेड समोरून आहे, कारण तो तू मनानं काढलास. दोघांना एकच सूर्य पाहिजे. संध्याकाळचा उजेड तांबूस-पिवळा असतो आणि सावलीत आकाशाचा निळा उतरतो, म्हणून सावलीला काळा रंग लावायचा नाही, मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या थरावर, निळसर-जांभळा घे. ड्रॅगनची सावली तटावर पडली पाहिजे, तटाच्या दगडाचा रंग त्याच्या पोटावर थोडा परत आला पाहिजे, पाय टेकलेत तिथं गडद फट पाहिजे. ह्या तीन गोष्टी केल्यास तरी अर्धा चिकटवलेपणा जाईल. पंखाच्या पडद्यामागून ऊन येत असेल तर तो काळपट ठेवू नको, अंधारात कानामागं टॉर्च धरला की कान कसा लाल पेटतो आणि शिरा दिसतात, तसा पडदा आतून लाल-केशरी कर आणि बोटांची हाडं गडद ठेव.

तोंडातून आग काढलीयस म्हणून सांगतो, आगीचा गाभा जवळपास पांढरा-पिवळा असतो आणि कडेला जाता जाता केशरी, लाल. तू मधोमध लाल भरलाय म्हणून ती आग पेटत नाही. गाभ्यापाशी कलर डॉज किंवा अ‍ॅड मोडचा, म्हणजे खालचा रंग उजळवणारा, एक लेयर, हलक्या हातानं. आगीचा उजेड जवळच्या दगडावर जोरात आणि लांब गेला की झपाट्यानं कमी, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा भाग उरतो. आपला बेसॉल्ट काळा, तो फार उजेड परत देत नाही, पण पावसात भिजला तर चकाकतो. जुलै-ऑगस्टचा किल्ला घेतलास तर ओल्या कातळावर आगीची तिरीप मस्त येईल.

आकाराचं पण ठरव. ड्रॅगन किती मोठा ते तुझ्या चित्रात कळत नाही, कारण शेजारी मापाला काही नाही. किल्ल्यातला चांद मिनार आहे की! तो २०० फुटांहून उंच आहे, त्याला सज्जे आहेत, सज्ज्याला माणसाच्या मापाचे कठडे. शेपटीचा एक वेढा मिनाराला दे, बघणाऱ्याला आपोआप माप कळतं. आणि मागच्या डोंगरांचा काँट्रास्ट कमी कर, उन्हाळा असेल तर धुळकट पांढुरका, पावसाळा असेल तर निळसर. जवळचा काळा आणि लांबचा काळा सारखाच ठेवलास तर चित्र सपाटच राहणार.

तुझ्या लॅपटॉपवर ए-४ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आरामात चालेल. लेयर शंभर करू नको, झालेले एकत्र करत जा. ड्रॅगनचा सपाट रंग एका ग्रुपमध्ये सगळ्यात खाली ठेव, वरच्या लेयरला इनहेरिट अल्फा चालू कर म्हणजे रंग बाहेर सांडत नाही. क्रितामध्ये एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं, वाकडं झालेलं तिथं लगेच कळतं. सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर कलर मोडला ठेवून बघ, चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसेल, आणि तेव्हा ड्रॅगन किल्ल्यात हरवला तर रंगात कितीही खटपट केली तरी तो हरवलेलाच राहणार. म्हणून माझं म्हणणं, हे चित्र आहे तसंच ठेव आणि नवीन सुरू कर. आधी कागदावर काडेपेटीएवढी चौकोनी स्केचं, नुसत्या तीन छटा, पांढरा, करडा, काळा. त्यातलं एक निवडून मग लॅपटॉप उघड.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, उदगीरला. दिवसभर मोबाइलवर बोटानं ड्रॅगन काढत असते. टॅब्लेट घेऊन द्यावा का, आणि ह्याचा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला काही उपयोग आहे का? तिचे पप्पा म्हणतात, नुसता टाइमपास आहे.

उत्तर : ताई, टाइमपास नाही हा, जी पोरगी एकाच विषयावर एवढा वेळ बसते तिला अडवू नका. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा कागदावरच असतात, तिथं डिजिटल चालत नाही, पण वस्तुचित्र करताना लागणारी नजर आणि ड्रॅगनला लागणारी नजर एकच आहे. इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुण मिळतात तेही पप्पांना सांगा. पुढं बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायचं म्हणाली तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, त्याला सीईटी असते आणि त्यातही हातानंच चित्र काढावं लागतं. म्हणून रोज थोडं पेन्सिलनं काढू द्या, बाकी मोबाइल.

टॅब्लेटचं म्हणाल तर घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर बिनस्क्रीनचा छोटा पेन टॅब्लेट पुरे. ह्युऑन, एक्सपी-पेन, वॅकॉम, कुठलाही चालतो. स्क्रीनवाला महागडा आत्ता नको. सुरुवातीला हात खाली आणि नजर वर हे जमायला जड जातं, आठवडाभर ती कंटाळेल, तेव्हा "बघ, म्हणलं होतं ना" असं मात्र म्हणू नका. कॉम्प्युटर नसेल तर आहे त्याच मोबाइलवर आयबिस पेंट हे अ‍ॅप आणि एक साधा स्टायलस (स्क्रीनवर चालणारा पेन), एवढ्यावर भरपूर काम होतं.

प्रश्न : सगळे ड्रॅगन इंग्रजी पिक्चरमधल्यासारखेच का काढतात? आपला, इथला ड्रॅगन असा काही काढता येईल का? मी अंबाजोगाईला शिक्षक आहे, मुलांकडून करून घ्यायचंय.

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. पोरांना घेऊन वेरूळला जा. २१ नंबरच्या लेणीत, रामेश्वरमध्ये, दाराशी गंगा उभी आहे ती मकरावर. त्या मकराकडं पोरांना नुसतं बघत बसवा. मगरीचा जबडा, हत्तीसारखी वळलेली सोंड, मागं शेपटीच्या जागी पानाफुलांसारखी वळणं, म्हणजे कारागिरानं खरी जनावरं बघून, त्यांचे तुकडे जोडून न बघितलेलं जनावर उभं केलंय. सिंहाच्या अंगाचे व्याल जुन्या देवळांच्या भिंतींवर असतात, उंबऱ्यावर आणि दारावर कीर्तिमुख असतं, डोळे बाहेर आलेलं, जबडा उघडा. तुमच्या गावाजवळच्या जुन्या देवळातही शोधलं तर सापडेल. पोरांनी आधी दगडासमोर बसून पेन्सिलनं काढावं, मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊ नये, कारण फोटोत खोली जाते आणि सोंड कुठून वळली हे कळत नाही.

दुसरं, चीनच्या ड्रॅगनला बहुतेक वेळा पंख नसतातच, तो आग ओकत नाही, त्याचा संबंध पाण्याशी आणि पावसाशी आहे. आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना हे सांगा आणि बघा काय काय निघतं! पाऊस घेऊन येणारा मकर, नाथसागरातून वर निघालेला, हे मला तरी आग ओकणाऱ्यापेक्षा कितीतरी आपलं वाटतं. रंगासाठी कुणाच्या तरी घरून पैठणी मागवा. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कापड हललं की रंग बदलतो. मुलांना ती खिडकीपाशी हलवून दाखवा, मग खवल्यांना तेच करायला लावा : उजेडाकडच्या बाजूला एक रंग, वळलेल्या बाजूला दुसरा. हिरवा-जांभळा घेतला तर फार सुंदर दिसतं. कॉम्प्युटर नसेल तर खडूनं करा, गोष्ट तीच आहे.

आणि उडता सरडा विसरू नका. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलात तो आहे, त्याचं शास्त्रीय नावच ड्रॅको. त्याचा पडदा बोटांवर नसतो, लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेला असतो. पाय चारही मोकळे. वर सहा अवयवांची अडचण सांगितली, ती ह्यानं कशी सोडवलीय हे पोरांना त्याच्या फोटोत शोधायला लावा.

प्रश्न : जालन्यातून. ड्रॅगनच्या चित्राची फ्लेक्स प्रिंट काढली, २ बाय ३ फूट. स्क्रीनवर आग झगझगीत होती, प्रिंटमध्ये मातकट आली आणि कडा फुटल्या. दुकानदाराची चूक का माझी?

उत्तर : बहुतेक कुणाचीच नाही. स्क्रीन उजेडातून रंग दाखवते, लाल-हिरवा-निळा, त्याला आरजीबी म्हणतात, प्रिंट चार शाईंतून, त्याला सीएमवायके म्हणतात, आणि झगझगीत केशरी-निळे शाईत येतच नाहीत. चित्र सुरू असतानाच अधूनमधून सीएमवायके प्रिव्ह्यू लावून बघा, आणि आग झगमगावी असं वाटत असेल तर आगीचा रंग भडक करण्यापेक्षा आजूबाजूचं अंधारं करा. कडा फुटल्या कारण फाइल लहान होती. २ बाय ३ फुटाला १५० डीपीआय धरलं तरी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. छोटं चित्र नंतर ताणून मोठं होत नाही, कॅनव्हास सुरुवातीलाच तेवढा घ्यावा लागतो. दुकानात जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल तर तिथंही ती दाबली जाते, पुढच्या वेळेस पेनड्राइव्हमध्ये टिफ फाइल न्या आणि पूर्ण प्रिंटच्या आधी आगीचा तेवढा एक वीतभर तुकडा छापून मागा.