पंपाने लगेच बरं वाटतं, तिथेच मी फसले होते

तुम्ही लिहिलंय की दम्याचा निळा पंप दिवसातून चार-पाच वेळा लागतो, दर वेळी दोन पफ, आणि पाच मिनिटांत छाती मोकळी होते. एक पंप जेमतेम वीस दिवस पुरतो. स्टेरॉइडचा पंप तीन महिन्यांपूर्वी बंद केलात, कारण त्याने काही फरक जाणवत नव्हता आणि घरचे म्हणतात की त्याची सवय लागते. गेल्या आठवड्यात एका रात्री सहा पफ घेऊन झोपलात आणि दोन तासांनी पुन्हा उठून घ्यावे लागले. एवढं सगळं सांगून शेवटी विचारलंय, रिलीव्हर, म्हणजे हा निळा पंप, रोज घेतला तर चालतो का, आणि तो उशाशी ठेवू का.

बाकीचं नंतर वाचा. ती दोन तासांनी उठल्याची गोष्ट डॉक्टरांना आजच सांगा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. साल्ब्युटामॉलचा, म्हणजे निळ्या पंपात सहसा असतं त्या औषधाचा, परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. तो दोन तासांत ओसरत असेल तर दमा औषधाच्या पुढे निघून चाललाय. मी डॉक्टर नाही, तुम्हाला पाहिलेलंही नाही. पण मला 23 वर्षं दमा आहे आणि तुम्ही आज जिथे आहात तिथे मी चौदा महिने काढलेत, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितेय.

दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजतं, हे तुम्हाला माहीत असेलच. निळा पंप फक्त स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी गुण दाखवतो, आणि ओढल्या क्षणी त्याने काहीच वाटत नाही. म्हणजे ज्या औषधाने खरं काम होतं ते जाणवत नाही, आणि जे तात्पुरतं आहे ते लगेच जाणवतं. मग माणूस जाणवणाऱ्यावर विश्वास ठेवतो. मीही ठेवला.

माझं असं झालं. एका दवाखान्यातून दर महिन्याला औषधं आणायची. प्रकृती बरी असेल तर डॉक्टरांना भेटावं लागत नसे. खिडकीवर जुना कागद द्यायचा, ते त्यावरून नवा करून द्यायचे. एका महिन्यात माझ्याकडे प्रिव्हेंटर, म्हणजे रोजचा स्टेरॉइडचा पंप, शिल्लक होता म्हणून मी म्हटलं, या वेळी तो नको. पुढच्या महिन्याचा कागद त्या महिन्याच्या कागदावरून उतरवला गेला, त्याच्या पुढचा त्याच्यावरून, आणि प्रिव्हेंटर यादीतून गळाला तो गळालाच. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी खिडकीवर विचारायला हवं होतं, आत जाऊन डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मला मात्र आनंद झाला. वाटलं, डॉक्टरांनीच स्टेरॉइड थांबवलं, म्हणजे दमा कमी झाला. कोणी थांबवलंच नव्हतं. कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नाही.

त्यानंतर दर महिन्याला एक निळा पंप. कधी वीस दिवसांतच दुसरा मागायला जायची, तोही मिळायचा. एकाच नावावर इतके रिलीव्हर कसे जाताहेत, हा प्रश्न त्या खिडकीमागे एकदाही कोणाला पडला नाही.

मग ती रात्र आली. संध्याकाळपासून छाती भरून येत होती. पंप घेतला, तासभर बरं वाटलं. पुन्हा घेतला, अर्धा तास. रात्री दीडला नवरा उठला तेव्हा मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते आणि मला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. त्याला सर्वात भीती वाटली ती घरघर ऐकू येत नव्हती म्हणून. तो आधी समजला की आवाज थांबला म्हणजे उतार पडला. हे कृपया घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: माणूस धापा टाकतोय आणि छातीतला सूं-सूं आवाज बंद झालाय, तर त्याचा अर्थ हवा आत-बाहेर जाणंच कमी झालंय. ओठ किंवा नखं निळसर होणं, बोलता न येणं, गुंगी येणं, दमून गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णवाहिका.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र लावलं, स्टेरॉइड सुरू केलं. सकाळी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, प्रिव्हेंटर कोणता घेता? मी पर्समधून निळा पंप काढून दाखवला. त्यांनी मागचे कागद मागितले आणि एकेक उलटून पाहिले. चौदा महिने. नंतर मी त्या खिडकीवर जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, तुम्ही कधी तक्रार केली नाहीत. याला आता बरीच वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की अजून संताप येतो. धाप लागणाऱ्या माणसाने स्वतःच्या औषधांची यादी तपासून तक्रार करायची, आणि यादी करणाऱ्याने काहीच तपासायचं नाही? असो. तुम्ही एवढं करा, प्रत्येक नव्या कागदाचा फोटो काढा आणि मागच्या कागदाशी ताडून पाहा. एखादं नाव गेलेलं दिसलं तर "हे कोणी आणि का थांबवलं" हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय परत येऊ नका.

आता तुमचा हिशेब. रोज पाच वेळा दोन पफ म्हणजे दहा, पंपात 200 पफ, म्हणून तो वीस दिवसांत संपतो. या गतीने वर्षाला अठरा पंप. जीना, म्हणजे दम्यावर जगभरासाठी मार्गदर्शन करणारी ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, सांगते की वर्षाला तीन किंवा जास्त रिलीव्हर लागत असतील तर तीव्र अटॅकचा धोका वाढतो आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची तपासणी करून 2014 साली अहवाल काढला होता. ज्यांच्या रिलीव्हरची नोंद सापडली त्यांच्यातल्या 39 टक्के लोकांना आधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पंप मारतो असाही याचा अर्थ नाही. दमा हाताबाहेर गेलाय हे ते पंप मोजले असते तर आधीच दिसलं असतं, एवढंच मला म्हणायचंय. शिवाय रोज सारखा वापरला की साल्ब्युटामॉलचा गुणही काहीसा बोथट होतो.

म्हणून "रोज चालतो का" या प्रश्नाचं माझं उत्तर असं. त्रास होत असेल तेव्हा तो घ्यायलाच हवा, त्यात कंजुषी नको. पण आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला किंवा दम्याने रात्री एकदाही जाग आली, तर नियंत्रण सुटतंय असं समजून दाखवायला जायचं. 2019 पासून जीनाने मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या रिलीव्हरवर ठेवूच नये असं सांगितलंय. दमा सौम्य असला तरी सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच.

आणि ती सवय! माझ्याही घरी हेच ऐकलं. गंमत म्हणजे ज्याची सवय लागेल म्हणून लोक घाबरतात तो स्टेरॉइडचा पंप, आणि दिवसातून दहा पफ घेतात त्या निळ्याची कोणाला धास्ती नाही. माझ्या मते भीती अगदी उलट्या जागी बसलीय. श्वासातल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. अटॅक आल्यावर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांचा डोस मिलिग्रॅममध्ये, मोठ्या माणसाला दिवसाला 40 ते 50. औषधं वेगळी असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. गोळ्यांचे असे चार-पाच कोर्स आयुष्यात झाले तरी हाडं ठिसूळ होणं, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. पंपाला घाबरून लोक गोळ्यांच्या दारात जाऊन उभे राहतात. पंपाचा नेहमीचा त्रास म्हणजे आवाज बसणं आणि तोंडात पांढरी बुरशी येणं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरला आणि पफनंतर चूळ भरून थुंकली की तो बराचसा टळतो. मी तो दात घासण्याआधी घेते, म्हणजे विसरतही नाही आणि चूळही आपोआप होते.

आता अटॅकच्या वेळचं. आडवं पडू नका, ताठ बसा. ब्रिटनमध्ये शिकवतात तो क्रम असा: दर 30 ते 60 सेकंदांनी एक पफ, शक्यतो स्पेसरमधून, जास्तीत जास्त दहा. तोवर उतार पडला नाही किंवा मध्येच वाढलं तर रुग्णवाहिका. ऑस्ट्रेलियात चार पफ, मग चार मिनिटं थांबून पुन्हा चार, असं शिकवतात. तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्यासाठीचा क्रम लिहून घ्या आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा चिकटवा. रात्री दीड वाजता काही आठवत नाही. बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवा. तुम्ही सहा पफ घेऊन झोपलात, तेव्हा नेमकं हेच राहून गेलं.

एक महत्त्वाचं. हे सगळं साल्ब्युटामॉलच्या पंपाबद्दल आहे. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल हे श्वासनळ्या सैल करणारं औषध एकत्र असलेला पंप काही जणांना रोजचा आणि तातडीचा असा दोन्हींसाठी देतात, कारण फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत लागू पडतं. त्याचे नियम आणि दिवसाची मर्यादा वेगळी. सालमेटेरॉल असलेला पंप मात्र हळू काम करतो, तो अटॅकमध्ये उपयोगाचा नाही. म्हणून रंगावर जाऊ नका, नाव वाचा. तुमचा निळा नेमका कशाचा आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

पंप ओढण्याची पद्धत एकदा कोणासमोर तरी करून दाखवा. मी अकरा वर्षं चुकीचं करत होते, आधी दाबायची आणि मग श्वास घ्यायची, त्यामुळे औषध घशातच. आधी श्वास सोडायचा, सावकाश आत घ्यायला लागायचं आणि त्याच वेळी दाबायचं, मग दहा सेकंद रोखायचा. पावडरच्या पंपात नेमकं उलटं, जोरात आणि खोल ओढायचं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका. पुसल्याने स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसतं. पंपाला उरलेले पफ दाखवणारा काउंटर नसेल तर पफ लिहून ठेवा, कारण औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो आणि भरल्यासारखा वाटतो. पाण्यात तरंगवून बघायची युक्ती भरवशाची नाही.

जाता जाता, काचबिंदूसाठी टिमोलॉलचे डोळ्यांचे थेंब सुरू असतील किंवा रक्तदाबासाठी, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी असेल, तर दमा आहे हे त्या डॉक्टरांना नक्की सांगा. दोन्हींमुळे दमा उसळू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना छातीचं कोण सांगणार, म्हणून हे राहून जातं.

पंप उशाशी ठेवायचं विचारलंत. ठेवा. माझ्याही उशाशी असतो, आणि रोजचा पंप बेसिनपाशी. उशाशी असलेल्याचा काउंटर गेल्या वर्षी आणला तेव्हा 200 वर होता, आज सकाळी पाहिला तर 171.