काकण ‘वाढतं’ कधी आणि ‘फुटतं’ कधी?

प्रश्न असा आला आहे: ‘माझी आजी कराडजवळच्या खेड्यातली. तिच्या आठवणी लिहून काढते आहे. हातातलं काकण फुटलं की आजी “काकण वाढलं” म्हणायची. आम्ही “फुटलं” म्हटलं तर रागवायची. पण आजोबा गेले त्या दिवसाविषयी सांगताना मात्र “माझी काकणं फोडली” असंच म्हणायची. वाढण्याचा हा उलटा अर्थ आला कुठून? आणि लेखात “वाढलं”पुढे कंसात “फुटलं” असं द्यावं का?’

नेहमीचं उत्तर तुम्हाला ठाऊक असेलच. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणून उलट बोलायचं. निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणायचं. दिवा ‘विझवायचा’ नाही, ‘शांत करायचा’. रात्री सापाचं नाव न घेता ‘जनावर’ म्हणायचं आणि तो चावला तर ‘पान लागलं’. अंगावर देवी ‘यायच्या’, जणू पाहुण्याच. हिंदीतही संध्याकाळी दुकान ‘बढ़ाते’ आणि दिवाही ‘बढ़ाते’. त्याच माळेत आपलं काकण, मंगळसूत्र आणि देवापुढचा नारळ.

पण वाढण्यापुरती एक वेगळी वाटही आहे, आणि ती मला फार आवडते. संस्कृतच्या धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, वृद्धीच्या ‘वृध्’खेरीज ‘वर्ध छेदनपूरणयोः’ असा आणखी एक धातू दिलेला आहे. छेदन म्हणजे कापणं. सुताराला संस्कृतात ‘वर्धकि’ म्हणतात. त्याचाच हिंदीत ‘बढ़ई’ झाला आणि आपल्या विदर्भात ‘वाढई’. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातल्या २९व्या श्लोकात ‘नाभिवर्धन’ येतं. नाळ कापण्याआधी जातकर्म, म्हणजे जन्माच्या वेळचा संस्कार, करावं, असं तिथे सांगितलं आहे. नाळ वाढवणं म्हणजे चक्क नाळ कापणं! गुजरातीत नारळ ‘वधेरतात’, तोही शब्द कानाला इथलाच वाटतो. त्यामुळे काही अभ्यासू मंडळी म्हणतात की काकण वाढणं, नारळ वाढवणं यात उलट बोलणं मुळी नाहीच, हा सरळ ‘कापणे, फोडणे’ हाच जुना अर्थ टिकून राहिलेला आहे.

धातू खरा आहे, पण त्यानं तुमच्या आजीचं बोलणं उलगडत नाही. दुकान किंवा दिवा काही कोणी कापत नाही, ही एक अडचण. दुसरी घरातलीच. चटणीसाठी नारळ ‘फोडतात’ आणि देवापुढे ‘वाढवतात’. फळ तेच, हातही तोच, क्रियापद मात्र प्रसंग पाहून बदलतं. (वर्तमानपत्रं अलीकडे प्रचाराचा नारळ सर्रास ‘फोडतात’. प्रचार पाहता तेच बरोबर असावं.)

आणि सगळ्यात पक्का पुरावा तुमच्या प्रश्नातच आहे. ‘वाढवणे’ म्हणजे नुसतं ‘फोडणे’ असतं, तर आजोबा गेले त्या दिवशीही आजीची काकणं ‘वाढवली’ असती. तसं कोणी म्हणत नाही. भांडी घासताना, सरपण मोडताना एखादं काकण गेलं, तर ते वाढलं, कारण पुढच्या बाजारी कासाराकडे बसून ती नवी काकणं भरणार असते. ‘वाढलं’ या शब्दात ते पुढचं भरणं धरलेलं आहे. नवरा गेल्यावर पुन्हा भरणं नाही, म्हणून तिथे शब्दही उघडाच वापरतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्या प्रथांची नावं वाचा: कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं. एकही क्रियापद मऊ नाही. बायकांच्या तोंडी ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहेत.

तेव्हा आजी विसरून किंवा रागानं ‘फोडली’ म्हणत होती, असं मला वाटत नाही. राग असेलही, त्याचं तुम्हाला अधिक ठाऊक. पण भाषेच्या हिशेबानं ती काटेकोर बोलत होती. आणखी एक पाहा. ‘काकण वाढलं’ यात करणारं कोणी नाही, ते आपसूक घडतं. ‘काकणं फोडली’ यात करणारा हात आहे, फक्त तो कोणाचा हे ती सांगत नाही. तिनं कधी नाव घेतलं होतं का, हे आठवून बघा. लेखासाठी ते व्युत्पत्तीपेक्षा मोलाचं आहे.

आता लिहिण्याचं. कंस देऊ नका. ‘धुणं आपटताना काकण वाढलं, तिनं तुकडे वेचून बाजूला ठेवले’ एवढं लिहिलंत की शहरातल्या वाचकालाही कळतं. जेवण वाढण्याशी घोटाळा व्हायची भीती नाही, काकण कोणी पानात वाढत नाही. बऱ्याच घरांत चुकून फुटलेल्या बांगडीलाही ‘वाढवली’ म्हणतात. तुमची आजी ‘वाढलं’ म्हणायची, तर ‘वाढलं’च ठेवा. ‘काकण’ची ‘बांगडी’ही करू नका. आणि छापायला देण्याआधी मुद्रितं स्वतः तपासा. एखादा सज्जन मुद्रितशोधक सगळीकडे एकसारखा शब्द हवा म्हणून त्या दिवसाची काकणंही ‘वाढवून’ टाकेल.