तडा, भुसा आणि अभिषेक: लाकडी देवमूर्तींबद्दल तुमचे प्रश्न

मेस्त्रीकाका, नव्या घरात लाकडी विठ्ठल-रखुमाई बसवावी अशी आईची फार इच्छा आहे. आत्या मात्र म्हणते, लाकडाचा देव शोभेचा, पूजेत चालत नाही. शिवाय आमच्याकडे रोज अभिषेक असतो, तो कसा करायचा?
— एक वाचक, ठाणे

आत्याबाईंचा मान राखून सांगतो, लाकडाचा देव पूजेत चालतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, मूर्तीचे आठ प्रकार सांगितले आहेत: ‘शैली दारुमयी लौही लेप्या लेख्या च सैकती । मनोमयी मणिमयी प्रतिमाष्टविधा स्मृता ॥’ दगडाच्या मूर्तीपाठोपाठ दुसरंच नाव लाकडाच्या मूर्तीचं आहे. नाथमहाराजांनी ज्या स्कंधावर टीका लिहिली तो हाच. घरात वारकरी वळण असेल तर आत्याबाईंना एकनाथी भागवत उघडून दाखवा.

आमच्या सिंधुदुर्गात तर याला पोथीचा आधार शोधावा लागत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाची आता पंचधातूची मूर्ती आहे, पण पूर्वी ती फणसाच्या लाकडाची असायची. म्हणून तिथली माणसं फणसाचं लाकूड घरकामाला वापरत नाहीत. ज्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, तो जागृत देव पिढ्यान्‌पिढ्या लाकडात उभा होता.

आता अभिषेक. इथे मात्र मी ठाम आहे: लाकडी मूर्तीवर रोज पाणी, दूध, पंचामृत घालू नका. पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाच्या लाकडाचा. त्याला ज्येष्ठ पौर्णिमेला १०८ घागरींनी स्नान घालतात आणि त्या पाण्याने अंगावरचे रंग उतरतात. मग पंधरा दिवस देव आजारी म्हणून दर्शन बंद असतं आणि त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवल्या जातात. एवढं करूनही त्या कायमच्या टिकत नाहीत. आषाढ अधिक येतो तेव्हा नवकलेवर होतं, म्हणजे नव्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात. १९९६ साली झालं, त्यानंतर २०१५ साली. तुमच्या घरी ना रंगवणारे सेवेकरी, ना नवा ओंडका आणणारे.

रोजच्या स्नानाची सोय पुरीतच पाहा. तिथे रोज सकाळी समोर पितळी आरसे धरतात आणि आरशातल्या प्रतिबिंबाला स्नान घालतात. घरी हे सहज जमतं. ताम्हनात छोटा आरसा अशा बेताने ठेवा की त्यात मूर्ती दिसेल, आणि पळीने पाणी त्या आरशावर सोडा. नाहीतर देव्हाऱ्यातला टाक किंवा पितळी बाळकृष्ण ताम्हनात घेऊन अभिषेक करा आणि लाकडी विठ्ठलाला फक्त गंध, फूल, तुळस, नैवेद्य. आमच्या घरी ही दुसरी रीत आहे. तुळशीचं पाणी झटकून घ्या. हार मूर्तीच्या गळ्यात न घालता मागच्या फळीला खिळा ठोकून त्यावर अडकवा, म्हणजे ओली फुलं छातीला टेकणार नाहीत. निरांजन निदान हातभर लांब ठेवा, काजळी एकदा पॉलिशमध्ये बसली की काढणं कठीण. आणि कुंकू मूर्तीच्या कपाळाला नको, पायाशी वाहा. हल्लीच्या कुंकवातला रंग लाकडाच्या रंध्रात शिरतो तो शिरतोच.

उंचीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो. मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीला अंगठ्याच्या पेरापासून एक वितीपर्यंतची उंची सांगितली आहे. कारागीर म्हणूनही मला वीतभर मूर्ती पटते. एवढ्या मापाचा गाठी नसलेला, नीट वाळलेला तुकडा मिळू शकतो. दोन हात उंच मूर्तीला तसा ओंडका मिळवणं फार अवघड.

तुमच्या आईंनी देव निवडला तोही लाकडाला अगदी मानवणारा. लाकडाची ताकद त्याच्या उभ्या रेषेत असते. रेषेला आडवा गेलेला बारीक भाग पहिल्यांदा मोडतो: मुरलीधराची मुरली, नटराजाचा उचललेला पाय, पुढे आलेला आशीर्वादाचा हात. विठोबाचे हात कटेवर, पाय जुळलेले, सगळी मूर्ती उभ्या रेषेत. शरीरापासून सुटून बाहेर गेलेलं काही नाहीच. शिसवी लाकूड मिळालं तर सावळा रंग वेगळा द्यावा लागत नाही. पटाशीला मात्र पुन्हापुन्हा धार लावावी लागते, म्हणून मजुरी जास्त पडते. ते परवडत नसेल तर शिवण घ्या. नरम, एकसारखं, कोरायला गुणी लाकूड आहे, आणि वाळल्यावर फारसं वाकत नाही.

तमिळनाडूतल्या अरुंबावूरची दोन फुटी गणपतीची मूर्ती प्रदर्शनातून घेतली. पुण्यात आणल्यावर ऐन एप्रिलमध्ये मुकुटापासून पोटापर्यंत मागच्या बाजूने तडा गेला. मूर्ती खंडित झाली का? विसर्जन करावं का?
— एक वाचक, पुणे

घाई करू नका. हात, सोंड, कान असं एखादं अंग मोडून पडलं तर खंडित म्हणतात. वाळताना पडलेली चीर हा लाकडाचा धर्म आहे, मी तिला खंडित मानत नाही. प्राणप्रतिष्ठा केलेली असेल तर तुमच्या गुरुजींना विचारा, पण चिरेचा फोटो दाखवून विचारा. ‘मूर्ती फुटली’ एवढंच सांगितलंत तर तेही विसर्जनच सांगतील.

तडा का गेला ते समजलं की उपायही समजतो. अरुंबावूरचे कारागीर अख्ख्या ठोकळ्यातून मूर्ती काढतात, हात-पाय जोडत नाहीत. हीच त्यांची ख्याती, त्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे. पण लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. उभ्या रेषेत जवळजवळ नाहीच. आडवं आकसतं, आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडे आकसतं. त्यामुळे मधला गाभाबिंदू मूर्तीच्या आत राहिला असेल तर ताण कुठेतरी फुटणारच. मूर्ती उलटी करून तळ पाहा. वलयांचं केंद्र तळावर दिसत असेल तर चीर तिथूनच निघालेली सापडेल. जाणते कारागीर म्हणून मोठी मूर्ती मागून पोखरून हलकी करतात किंवा ओंडका उभा चिरून मध्य टाळतात. पुढच्या वेळी घेताना आधी तळ पाहायची सवय ठेवा.

आता काय करायचं? पावसाळा संपेपर्यंत काहीच नाही. चिरेच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने बारीक खूण करा, रुंदी मोजून लिहून ठेवा. एसीचा झोत, खिडकीचं ऊन, टीव्हीच्या मागची गरम जागा, यापासून मूर्ती दूर हलवा. पुण्याच्या पावसात लाकूड ओल धरेल आणि चीर बरीचशी मिटेल. म्हणूनच एप्रिलच्या उघड्या चिरेत एम-सील किंवा अरल्डाइट भरू नका. ते कडक होतं, आणि जुलैत लाकूड फुगायला लागलं की त्याला मिटायला जागा उरत नाही. मग तडा शेजारी दुसरीकडे जातो. अशा मूर्ती दुरुस्तीला आल्या की मला वाईट वाटतं, कारण पहिली चीर निरुपद्रवी होती. पाचर तर मुळीच ठोकू नका, लाकूड फाडायची रीतच ती.

दिवाळीनंतरही चीर डोळ्यांत भरत असेल तर मधमाशीचं मेण वितळवून त्यात त्याच रंगाच्या लाकडाचा बारीक भुसा कालवा आणि बोटाने चिरेत दाबा. मेण लाकडाबरोबर हलतं, आणि नको वाटलं तर काढता येतं.

देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीच्या पायाशी रोज पिवळसर पीठ पडतं. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाळवी आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

वाळवी नाही. वाळवी मातीच्या वाटा करते आणि असं पीठ बाहेर टाकत बसत नाही. हा लाकूड पोखरणारा भुंगेरा. मादी लाकडाच्या रंध्रांत अंडी घालते, अळ्या आतून खात राहतात आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा बारीक गोल भोक पाडून बाहेर पडतो. गाभ्याभोवतीच्या पांढऱ्या लाकडात पिठूळ अंश असतो, त्यावर हे जगतात. आंबा, सावर, पांगारा यांना धोका जास्त. सागाच्या पक्क्या गाभ्याला हे सहसा लागत नाहीत.

आधी खात्री करून घ्या. मूर्ती झटकून काळ्या कागदावर ठेवा. नुसतं हलवल्याने जुना भुसा पडतो, पण जागच्या जागी ताजा ढीग झाला तर कीड जिवंत. भोकांचा रंगही बोलतो: जुनी भोकं काळवंडतात, नवी आतून फिकट असतात.

लक्ष्मी नुसती पॉलिश केलेली असेल तर उत्तम उपाय औषधाविना आहे. मूर्ती कोरड्या सुती कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे किंवा मासळीवाल्याकडे विचारा. देवाला तिथे ठेवायला मन धजत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात किडीचं औषध मिळतं, ते इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडून भोकं मेणाने बुजवा. फ्रीझरमधून बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर मूर्तीवर दव धरेल.

मूर्ती रंगवलेली असेल, म्हणजे कर्नाटकातल्या किन्नाळ किंवा आमच्या सावंतवाडीच्या धर्तीची, तर फ्रीझर नको. रंगाखालचा लेप लाकडाबरोबर आकसत नाही, पापुद्रे सुटतील. तिथे सुईच. आणि बऱ्याच घरांत रॉकेल चोळतात ते कृपा करून करू नका. त्या मूर्तीसमोर तुम्ही संध्याकाळी दिवा लावणार आहात.

उपाय झाल्यावरही काळा कागद पुढच्या पावसाळ्यापर्यंत खाली असू द्या. देव्हारा लाकडी असेल तर त्याच्या मागच्या फळीची तपासणी आधी करा. पुष्कळदा कीड मूर्तीत नसते, स्वस्त प्लायच्या त्या फळीतून आलेली असते.

मुलगी मेलबर्नला असते. तिच्या गृहप्रवेशाला शिसवी गणपती न्यायचा आहे. विमानतळावर अडवतील का?
— एक वाचक, नाशिक

लपवलंत तर अडचणीत याल. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू उतरतानाच्या कार्डावर जाहीर करावी लागते. साल, माती, भोकं, जिवंत कीड नसेल तर तपासून सहसा परत देतात. शंका आली तर त्यावर प्रक्रिया करायला सांगतात. तळाला चिकटलेला सालीचा तुकडा ‘नैसर्गिक दिसतो’ म्हणून ठेवू नका. हळद-कुंकू, अक्षता, सुकी फुलं झटकून न्या.

शिसवी आणि शिसम २०१७ पासून सायटीस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट आहे, पण लाकडाचं नाव आणि वजन लिहिलेलं दुकानाचं पक्कं बिल जवळ असू द्या. रक्तचंदनाच्या वाटेला जाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. तिकडे हिवाळ्यात हीटर लागतो आणि हवा कोरडी होते. मूर्ती हीटरपासून लांब ठेवायला मुलीला आवर्जून सांगा.

‘हाताने कोरलेली’ म्हणून घेतलेली मूर्ती यंत्रावरची निघाली असं नंतर कळतं. दुकानात कसं ओळखायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

समोरचा चेहरा पाहू नका, तो सगळेच छान करतात. बोट घालून काखेत, कानामागे, हारामागे चाचपा. यंत्राचं गोल टोक वरून फिरतं, त्यामुळे खोल कोपरे गोलसर राहतात आणि आतल्या बाजूला कोरलेलं नसतं. पटाशीचं टोक आत वळून शिरतं, हार अंगापासून सुटा करतं. उजेड तिरका पाडलात तर यंत्राच्या एकसारख्या समांतर रेघा दिसतात. हाताच्या कामात घाव लहानमोठे, रेषेप्रमाणे दिशा बदलणारे असतात. त्याच मापाची दुसरी मूर्ती मागा आणि शेजारी ठेवा: बारीकसारीक सगळं तंतोतंत जुळलं तर उत्तर मिळालं.

तळही पाहा. खऱ्या लाकडात वरच्या बाजूच्या रेषा तळाशी वलयं होऊन दिसतात. रेषा वर आहेत आणि तळ सपाट, एकरंगी असेल तर रेषा रंगवलेल्या आहेत. लाकडाचा भुसा राळेत कालवून साच्यात ओतलेल्या मूर्ती बाजारात भरपूर आहेत, त्यांना कडेने साच्याची बारीक शिवण सापडते.

यंत्राची मूर्ती पूजेला कमी पडते असं मी म्हणणार नाही. भाव चांगला असला की देव येतो. पण हाताच्या कामाचे पैसे घेऊन यंत्राचं काम देणं हा कारागिराच्या पोटावर पाय आहे. माझ्यासारख्या माणसाचे वीतभर मूर्तीला कित्येक दिवस जातात, ती यंत्रावर काही तासांत निघते. म्हणून बिलावर ‘हाताने कोरलेली’ असं लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कचरला तर तिथून निघा.

प्रश्न पाठवताना मूर्तीचे फोटो पाठमोरे आणि तळाकडूनही काढून पाठवा. लाकूड कुठलं, घरात कधीपासून आहे आणि समोर दिवा तेलाचा लावता की तुपाचा, तेही लिहा. पुढच्या अंकात पॉलिशचे प्रश्न घेतो. चपडा (लाखेचं पॉलिश) की मेण, हे विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. तोवर खोबरेल तेल मूर्तीला कुणी चोळू नका, ते सुकत नाही आणि धूळ धरतं.