विहिरीतले स्फटिक: सगळीच गारगोटी नव्हे

प्रश्न: विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, पारदर्शक आणि फिकट गुलाबी स्फटिक निघाले. गावात सगळ्यांनाच गारगोटी म्हणतात. घरच्या घरी नेमकी ओळख पटेल का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर: बऱ्याच अंशी पटेल. आपल्याकडच्या बेसाल्टच्या (म्हणजे याच काळ्या दगडाच्या) पोकळ्यांत मुख्यतः गारगोटी, कॅल्साइट, ॲपोफिलाइट, स्टिलबाइट आणि ह्यूलंडाइट सापडतात. रंगावर जाऊ नका. पाचही पांढरे असू शकतात.

आधी काच. चांगला स्फटिक बाजूला ठेवा, फुटका तुकडा घ्या. त्याचं टोक काचेवर दाबून ओढा आणि ओल्या बोटाने पुसा. पुसली गेली ती रेघ नव्हे, खनिजाचीच भुकटी. फसगत होते ती इथेच. खरा ओरखडा राहिला तर गारगोटी (१ ते १०च्या मोह्स मापावर कठिनता ७). बाकीच्यांची ३ ते ५, काचेहून कमी.

कॅल्साइटसाठी व्हिनेगर पुरतं, पण भुकटीवर. अख्ख्या तुकड्यावर बुडबुडे इतके मंद येतात की दिसतही नाहीत. स्टिलबाइटवर कॅल्साइटचा पातळ थर असला तरी फसफस होते, म्हणून भुकटी आतल्या भागाची घ्या. संडास धुण्याचं ॲसिड मात्र नको. स्टिलबाइट, ॲपोफिलाइटची चमक जाते.

मग वजन. किचनच्या डिजिटल काट्यावर खडा कोरडा तोला. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. खडा दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागा. ५४ ग्रॅमचा खडा २० दाखवत असेल तर घनता २.७, म्हणजे कॅल्साइट किंवा गारगोटी (या दोघांत निवाडा काचेचाच). ॲपोफिलाइट २.३५च्या आसपास, स्टिलबाइट आणि ह्यूलंडाइट २.२. चिकटलेला काळा दगड आकडा वाढवतो, अडकलेली हवा कमी करते. काटा १ ग्रॅमपर्यंतच मोजत असेल तर ५० ग्रॅमहून लहान खडा तोलण्यात अर्थ नाही.

२.२वाल्या दोघांत आकार बघा. स्टिलबाइट मधे आवळलेल्या पेंढीसारखा दोन्ही टोकांना पसरतो; तुमचे गुलाबी बहुधा हेच. ह्यूलंडाइट मधे रुंद, टोकांना निमुळता. दोघांच्याही फुटलेल्या सपाट बाजूवर मोत्यासारखी चमक असते.

प्रश्न: मोबाइल ॲपमध्ये फोटो टाकला तर? – एक वाचक, जळगाव

उत्तर: पेंढीचा आकार ठळक असेल तर ॲप बरोबर सांगेलही. पण फोटोत कठिनता दिसत नाही, वजनही नाही.