ऑनलाइन पिटिशनवर सही करून धोरण खरंच बदलतं का, की घरबसल्या नुसतं मनाचं समाधान?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की रस्त्यावर उतरायची तयारी नसलेले लोक सही करून मोकळे होतात, आणि कुणी लिंक पाठवली तर सही करावी की नाही तेही सांगा. यातल्या पहिल्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय, आणि ते किती खोटं आहे ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आधी प्रश्नाचं थोडक्यात उत्तर. बदलतं, पण फार क्वचित. ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाची पूर्वी एक पिटिशनची वेबसाइट होती. तिच्यावरच्या हजारो पिटिशनचा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अभ्यास केला. सरकारी उत्तर मिळायला तिथे फक्त ५०० सह्या लागायच्या आणि ९४ टक्के पिटिशनना तेवढ्याही मिळाल्या नाहीत. ज्या पुढे गेल्या त्यांचं भवितव्य बहुधा पहिल्या दिवसातच ठरून गेलं होतं. दादाला हा आकडा सांगितला तर तो लगेच "बघ!" म्हणेल. पण किती मोर्च्यांच्या मागण्या मान्य झाल्या, किती निवेदनं बासनात गेली, याची टक्केवारी त्याच्या संघटनेत कुणी कधी काढलेली नाही. ती काढली तर चित्र फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही.

आता माझी गोष्ट. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बरेच महिने ते रुग्णालयात होते. मी ऑफिस सुटलं की थेट वॉर्डात जायची, बाबांना झोप लागेपर्यंत बसायची आणि शेवटच्या बसने घरी यायची. दादा कामगार संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता आहे. त्याच्या बैठका, धरणी, दौरे चालूच असायचे. याबद्दल तक्रार नाही, त्याचं काम मोलाचं आहे. पण घरातलं एक माणूस रस्त्यावर उतरू शकतं, कारण दुसरं एक माणूस खाटेजवळ बसलेलं असतं, एवढं तरी लक्षात ठेवावं.

त्याच सुमारास थांब्यावर नोटीस लागली की प्रवासी कमी असल्याने रात्रीची शेवटची फेरी पुढच्या महिन्यापासून बंद. त्या गाडीत कोण असायचं ते मला तोंडपाठ होतं. दुसऱ्या पाळीच्या सिस्टर, सफाई कर्मचारी, लॅबमधले लोक आणि माझ्यासारखे नातेवाईक. दादाच्या संघटनेने लगेच शिष्टमंडळ नेलं. लेटरहेडवर निवेदन दिलं, "जनतेची घोर गैरसोय" वगैरे त्यात सगळं होतं. "सहानुभूतीपूर्वक विचार करू" एवढं आश्वासन मिळालं आणि शिष्टमंडळाचा फोटो निघाला. नोटीस जागच्या जागी राहिली.

संघटनेने सभा बोलावली ती सकाळी अकराची. रात्रपाळी करून आलेली बाई अकराला झोपलेली असते आणि दिवसपाळीची ड्युटीवर असते. त्या गाडीने खरोखर जाणारं एकही माणूस सभेला आलं नाही, आणि दादाने निष्कर्ष काढला की लोकांना पडलेली नाही.

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवरून पिटिशन टाकली. दादा म्हणाला, "मोबाईलवर बोटं फिरवून गाड्या सुरू राहात नाहीत." मी पिटिशन "प्रशासनाला" लिहिली नाही. फेऱ्यांचं वेळापत्रक ज्या अधिकाऱ्याच्या सहीने बदलतं त्याच्या पदाच्या नावाने लिहिली आणि मागणी एकच ठेवली, ही फेरी बंद करू नका. सही करणाऱ्याला "तुम्ही सही का करताय?" असा रकाना त्या साइटवर असतो. मी मेसेजमध्ये सगळ्यांना विनवलं की तिथे भावना लिहू नका, तुम्ही कुठल्या थांब्यावर उतरता आणि ड्युटी किती वाजता संपते तेवढं लिहा.

त्या रकान्यात जे आलं ते कुठल्याच निवेदनात नव्हतं. एका सिस्टरने लिहिलं की पाळी कागदावर संपते तेव्हा सुटका होत नाही, पुढच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची माहिती देऊन मगच निघता येतं, आणि तोवर गाडी गेलेली असते. मग दुसरीने तेच लिहिलं, तिसरीनेही. गाडी रिकामी धावत होती, कारण ती प्रवासी बाहेर पडायच्या आधीच सुटत होती! प्रवासी कमी, हे वाहतूकवाल्यांचं म्हणणं खरं होतं, त्याचं कारण त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. ते फक्त त्या बायकांना माहीत होतं, आणि त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. मी त्याच दिवशी मागणी बदलून घेतली आणि सही केलेल्या सगळ्यांना तसं कळवलं: फेरी ठेवा आणि ती उशिरा सोडा.

संघटनेच्या नावावर त्या अधिकाऱ्यांची पुन्हा भेट मिळाली. ते पहिलंच वाक्य बोलले ते असं की ऑनलाइन सह्या काय, कुठूनही येतात. हे वाक्य येणार हे मला ठाऊक होतं. त्या मार्गावर न राहणाऱ्यांची नावं मी आधीच वेगळी काढून ठेवली होती. उरलेल्या सह्या हजारही नव्हत्या. पण मी केलेल्या तक्त्यात प्रत्येकीपुढे थांबा होता, वार होता आणि खरी सुटायची वेळ होती. वेळेच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी आगारात फोन लावला आणि ड्रायव्हरच्या ड्युटीचं कसं बसतं ते विचारलं. शेवटची फेरी राहिली आणि उशिरा सुटायला लागली. रविवारची मात्र गेली, ती वाचवता आली नाही.

संघटनेच्या पत्रकात हे सगळं "शिष्टमंडळाच्या पाठपुराव्याला यश" असं छापून आलं. त्यावरून दादाचं आणि माझं जे वाजलं ते आजपर्यंत मिटलेलं नाही.

त्याचा मुद्दा असा की अधिकाऱ्याने भेट दिली ती संघटनेच्या नावामुळे. हे खरं आहे, मी कधीच नाकारलेलं नाही. नुसती पिटिशन पाठवली असती तर कदाचित ती उघडलीही गेली नसती. पण त्याच संघटनेला त्याच कार्यालयात आधीही भेट मिळाली होती आणि तेव्हा काही हललं नव्हतं. दोन भेटींमध्ये फरक पडला तो त्या तक्त्याने, आणि तक्ता भरला तो सभेला न येणाऱ्या बायकांनी. त्यांना "सही करून मोकळे होणारे" म्हणणाऱ्याने एकदा दुसऱ्या पाळीनंतर घरी चालत जाऊन बघावं.

दादाचा दुसरा आवडता युक्तिवाद म्हणजे ऑनलाइन सह्या खोट्या असतात. असतात की. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये युरोपीय संघाबद्दल दुसरं सार्वमत घ्या अशी पिटिशन आली, तिच्यातून सुमारे ७७,००० सह्या बनावट म्हणून काढाव्या लागल्या. पण १८४८ साली चार्टिस्टांनी, म्हणजे दादाच्या पूज्य कामगार चळवळीच्या पूर्वजांनी, मताधिकारासाठी शाईने केलेल्या सह्यांची पिटिशन संसदेत नेली. ५७ लाख सह्या असल्याचा त्यांचा दावा होता. कारकुनांनी मोजल्या तर २० लाखही भरल्या नाहीत, आणि त्यांत खुद्द राणी व्हिक्टोरियाचीही सही होती! संसदेत हशा झाला, पिटिशन बाजूला पडली. तरी त्यांच्या सहापैकी पाच मागण्या पुढे कायद्यात आल्याच, फक्त दरवर्षी निवडणूक घ्यायची मागणी राहिली. तेव्हा खोट्या सह्या हा मोबाईलचा रोग म्हणून सांगू नये.

मग कुठली पिटिशन चालते? माझं ठाम मत आहे की सह्यांचा ढीग बघू नये. ती घेणाऱ्यावर काही बंधन आहे का आणि मागणी त्याच्या आवाक्यातली आहे का, ते बघावं. ब्रिटिश संसदेच्या साइटवर १०,००० सह्यांना सरकार उत्तर देतं आणि एक लाखाला पिटिशन चर्चेसाठी विचारात घेतली जाते. २०१९ मध्ये ब्रेक्झिट, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडणं, रद्द करा म्हणून तिथे ६० लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, साइट कोलमडली, चर्चा झाली, आणि सरकारने नाही म्हटलं ते नाहीच. ज्या निर्णयावर अख्खं सरकार उभं आहे तो सह्यांनी फिरत नाही.

याच्याच उलट उदाहरण त्याच साइटवरचं. मेंदूच्या गाठीने गेलेल्या भावासाठी एका बहिणीने संशोधनाला जास्त निधी मागितला. सह्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे ब्रेक्झिटवाल्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतक्या. सरकारचं पहिलं उत्तर थंडच होतं. पण संसदेची पिटिशन समिती नवीन होती, तिने हा विषय आपल्या पहिल्या चौकशीसाठी घेतला. रुग्णांच्या नातेवाइकांकडून अनुभव मागवले आणि २०१६ मध्ये अहवाल दिला. मग कार्यगट नेमला गेला आणि २०१८ मध्ये ४ कोटी पौंड जाहीर झाले. ते खर्च व्हायला पुढे वर्षं लागली, हेही सांगायला हवं. तरीही मला ही पिटिशन फार जवळची वाटते. इथेही काम केलं ते लोकांनी लिहिलेल्या अनुभवांनी.

फिनलंडमध्ये २०१२ पासून सहा महिन्यांत ५०,००० सह्या झाल्या की संसदेला तो प्रस्ताव हाती घ्यावाच लागतो. समलिंगी विवाहाचा कायदा तिथे याच वाटेने आला. दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या, कायदेविषयक समितीने प्रस्ताव फेटाळा म्हणून सांगितलं, तरी २०१४ मध्ये सभागृहाने तो मंजूर केला आणि २०१७ मध्ये कायदा लागू झाला. अमेरिकेत व्हाइट हाउसने २०११ मध्ये पिटिशनची साइट काढली. तिच्यावरच्या एका पिटिशनमुळे मोबाईल अनलॉक करण्याला, म्हणजे एका कंपनीला बांधलेला फोन दुसऱ्या कंपनीसाठी मोकळा करण्याला, कायदेशीर मोकळीक देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. पण उत्तर द्यायची सक्ती कुठल्याच कायद्यात नव्हती. सह्यांची अट ५,००० वरून २५,००० आणि मग एक लाख करत नेली आणि २०२१ मध्ये साइटच बंद झाली. मर्जीने दिलेली खिडकी मर्जीने बंद होते.

आणि एक गोष्ट लोक सारखी विसरतात. सरकारने किंवा नियामकाने एखाद्या मसुद्यावर हरकती मागवल्या असतील तर पिटिशन बाजूला ठेवा आणि तिथे लिहा. २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, मतं मागवली तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक मिळण्याच्या, बाजूने दहा लाखांच्या घरात ईमेल गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी आली. ती मतं नियामकाने स्वतःच मागवलेली होती, त्यामुळे त्यांची दखल घेणं त्याच्या कामाचाच भाग होता. त्याच ईमेलऐवजी कुठल्याशा खासगी साइटवर दहा लाख सह्या पडून राहिल्या असत्या तर हे झालं असतं का, याची मला शंका आहे.

आता काही इशारे, जे खरं तर आधी द्यायला हवे होते. पिटिशनच्या बऱ्याच मोठ्या साइट खासगी आहेत. सही झाल्यावर "ही पिटिशन आणखी लोकांपर्यंत पोचवायला पैसे द्या" असं विचारलं जातं, ते पैसे बहुतेक वेळा जाहिरातीसाठी साइटकडे जातात, पीडिताकडे नाही. तुमचा ईमेल कुठे जाईल ते वाचा आणि आपोआप टिक झालेले चौकोन काढून टाका. मालकाविरुद्ध किंवा सत्तेविरुद्ध पिटिशन असेल तर नाव जाहीर दिसू नये अशी सोय आहे का ते बघा. आमच्या सिस्टरपैकी काहींनी त्याच भीतीने सही केली नव्हती, मला फक्त वेळ आणि थांबा कळवला होता. शिवाय ज्यांच्याकडे फोन नाही ते या यादीत येतच नाहीत. आमच्या सफाई कर्मचाऱ्यांच्या बऱ्याच नोंदी मी बसमध्ये बसून वहीत घेतल्या होत्या. हे मी दादाला सांगितलेलं नाही. त्याला वाटेल तो जिंकला.

लिंक आली तर सही करावी का, हे तुम्ही विचारलंत. मी पिटिशन उघडते आणि ती कुणाच्या नावाने आहे ते बघते. नुसतं "सरकार" किंवा "समाज" असेल तर बंद करते. पद लिहिलेलं असेल, मागणी एक असेल आणि पिटिशन टाकणाऱ्याने मधूनमधून "काय झालं" ते कळवलेलं असेल तर सही करते, आणि रकान्यात माझ्या माहितीचं एखादं वाक्य लिहिते. माझ्याकडे त्या विषयाची काहीच माहिती नसेल तर सही न करता, ज्याच्याकडे ती माहिती आहे त्याला लिंक पाठवते.