जुनी दुनळी घेताना नक्षी नंतर, आधी दस्ता बघा

तुमचा प्रश्न असा आहे की क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, मारायला सेकंडहँड साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांची शॉटगन, घ्यायचीय, दोन बघून ठेवल्यात, एक नक्षीवाली साइडलॉक (बार उडवायची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर) आणि एक साधी बॉक्सलॉक (तीच यंत्रणा आत डब्यात), दोन्ही बारा बोअर, आणि नक्षीवालीचा दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, खांद्याला लावला की "जरा खाली गेल्यासारखा" वाटतो पण ते नंतर करून घेता येईल ना. येईल, पण किती येईल हे पैसे देण्याआधी बघायचं असतं. मी नेमकी हीच चूक केलेली आहे. माझी पहिली दुनळी अशीच देखणी होती, दस्ता इतका खाली वाकलेला की गाल नीट टेकवला तर समोर फक्त ॲक्शनची, म्हणजे नळ्यांमागच्या लोखंडी यंत्रणेची, पाठ दिसायची, म्हणून मी नकळत डोकं उचलायचो, आणि डोकं प्रत्येक वेळी सारखंच थोडी उचललं जातं, त्यामुळे कधी क्लेच्या वरून जायचं, कधी खालून, कधी बरोबर लागायचं आणि लागलं की वाटायचं आता जमलं. अख्खा सीझन काडतुसं बदलण्यात घालवला.

असो. आधी बंदूक धड आहे का ते बघा. रिकामी आहे याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करा, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी. मग पुढचं लाकूड, म्हणजे फोरेंड, काढून ठेवा आणि बंद बंदूक दस्त्याला धरून हलकेच हलवा, नळ्या आणि ॲक्शनमध्ये खडखड जाणवली तर सांधा झिजलाय. फोरेंड लावलेलं असताना हे लपतं, म्हणून ते काढूनच बघायचं. सांधा परत घट्ट करता येतो, पण ते काम चांगल्या कारागिराचंच आणि स्वस्त नसतं. बंदूक उघडायचा वरचा लिव्हर बंद केल्यावर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबत असेल तर चांगलं, डावीकडे गेला असेल तर भरपूर वापर झालाय असं समजा.

नळ्या वेगळ्या काढा, खालच्या हुकाने बोटावर टांगून नखाने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलीय. आतून उजेडाकडे धरून बघा, सावलीची गोल वर्तुळं अखंड दिसली पाहिजेत, एखादं तुटलं किंवा वाकडं झालं तर तिथे पोचा आहे. थोडे गंजाचे डाग मला चालतात. नळीची जाडी मात्र मापूनच घ्या, कारण जुन्या नळ्या आतून घासून घासून "नव्यासारख्या" केलेल्या असतात आणि जे चकाकतं ते पातळ झालेलं असू शकतं. सर्वात पातळ जागी २० हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, याच्या खाली असेल तर मी हातच लावत नाही. हे डोळ्याने कळत नाही, गेज असलेल्या गनस्मिथकडे न्या.

नळ्यांच्या खालचे प्रूफचे, म्हणजे दाब-चाचणीचे, शिक्के वाचा, तिथेच चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी असते. बऱ्याच जुन्या दुनळ्यांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची सरसकट काडतुसं ७० ची. गंमत म्हणजे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी उडून उघडल्यानंतरची असते, आणि तिथेच लोक फसतात, बसलं म्हणजे चालतं असं नाही, उघडताना तोंडाला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीवर वेलबुट्टीसारखी डमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या जुन्या नळीची) नागमोडी दिसली आणि नायट्रो प्रूफचा, म्हणजे धूररहित दारूच्या चाचणीचा, शिक्का नसेल तर आजच्या काडतुसांचं नावच काढू नका. जिथे शिशाऐवजी स्टीलचे छर्रे सक्तीचे आहेत तिथे जुनी, पातळ, घट्ट चोकची (म्हणजे नळीचं टोक जास्त अरुंद केलेली) दुनळी घेण्याआधी दहादा विचार करा.

चोकचं पटकन सांगतो. फुल चोक म्हणजे साधारण ४० हजारांश इंच, हाफ २०, क्वार्टर १०. जुन्या बंदुका बऱ्याचदा दोन्ही नळ्या घट्ट असलेल्या मिळतात आणि मालक ते अभिमानाने सांगतो. क्लेला बहुतेक वेळा क्वार्टर आणि हाफ पुरे, स्कीटला, म्हणजे जवळून मारायच्या क्लेच्या खेळाला, तर त्याहून मोकळं. चोक कमी करता येतो, वाढवणं सोपं नसतं, म्हणून घट्ट असली तर नाही म्हणू नका, फक्त भाव करताना ते काम धरा.

आता तुमचा मूळ मुद्दा, फिटिंग. शॉटगनला मागची साइट नसते, मागची साइट म्हणजे तुमचा डोळा, आणि तो कुठे येणार हे दस्ता ठरवतो. डोळा खाली तर मार खाली, डोळा वर तर मार वर. त्यात साइड-बाय-साइडच्या नळ्या उडताना किंचित खाली लवतात, ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्यांची) उभ्या दिशेला जास्त ताठ असते, त्यामुळे ओव्हर-अंडरवरून आलेल्या माणसाला दुनळीत गाल टेकायची कड थोडी उंचच लागते. तुमची नक्षीवाली आधीच खाली वाटतेय, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच बाजूला जातायत. दोन्ही दस्त्यांचा ड्रॉप, म्हणजे नळ्यांच्या रेषेपासून दस्ता किती खाली आहे ते, मोजा. नळ्यांवरची पट्टी मागे लांबवलीय अशी सरळपट्टी धरून गाल टेकायच्या कडेच्या पुढच्या टोकाला साधारण दीड इंच आणि टाचेला, म्हणजे दस्त्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्याला, सव्वादोनच्या आसपास असेल तर बहुतेकांचं काम भागतं. टाचेला तीन इंच असेल तर सोडून द्या, अगदीच जीव जडला असेल तर गोष्ट वेगळी.

आधी कुठला डोळा हुकमी, म्हणजे नेम धरताना वरचढ, आहे ते तपासा, हे न करता दस्ता वाकवून घेतलेले लोक मी पाहिलेत. मग डोळे मिटून रिकामी बंदूक गालाला लावा, मग डोळे उघडा, पट्टीच्या वरून सरळ दिसलं पाहिजे. कोपरात दस्ता ठेवून लांबी बघायची पद्धत निरुपयोगी आहे. बंदूक लावल्यावर मुठीवरचा अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. आणि दोन ट्रिगर असतील तर लांबी पुढच्या ट्रिगरपासून मोजा, मागचा इंचभर जवळ असतो, म्हणूनच जुन्या लोकांनी सरळ मूठ ठेवली, हात मागे सरकायला.

मग पॅटर्न प्लेटवर, म्हणजे छर्रे कुठे पडतात ते दाखवणाऱ्या लोखंडी पत्र्यावर, १६ यार्डांवरून, नेम न धरता, नुसतं बघून लावून मारा, आठ-दहा वेळा, आणि छर्ऱ्यांचा मध्य कुठे येतो ते बघा. १६ च का, तर डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक यार्ड, म्हणजे तिथला एक इंच फरक दस्त्यावर एक सोळांश इंच. चार इंच खाली लागतंय तर कड पाव इंच उंच पाहिजे. लगेच लाकडाला हात लावू नका, कडेवर पातळ फोमच्या किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या टेपने चिकटवा आणि तसंच महिना दोन महिने मारा, कारण नवीन बंदुकीला माणूस स्वतः पण बदलत असतो. दिसायला भिकार दिसतं, दिसू द्या. आकडा स्थिर झाला की मग कारागिराकडून गरम तेलाने किंवा उष्णतेच्या दिव्याने मूठ वाकवून घ्या, उजव्या हाताने मारत असाल तर कास्ट, म्हणजे दस्ता किंचित उजवीकडे, त्याच वेळी होतं. पाव इंच सहज जमतं. पण मुठीला चीर असेल किंवा ॲक्शनजवळचं लाकूड वर्षानुवर्षांच्या तेलाने काळं पडलं असेल तर वाकवायला देऊ नका, तुटेल. आणि लांबी कापायची असेल तर सगळ्यात शेवटी, कापलं की टाचेचा ड्रॉपही बदलतो आणि तोल पुढे जातो.

तुमच्या दोनपैकी, मोजून वेगळं काही निघालं नाही तर, मी बॉक्सलॉक घेईन. फक्त वजन बघा, तीन किलोच्या आत असेल तर २८ ग्रॅम छर्ऱ्यांची शंभर काडतुसं संपेपर्यंत खांदा बोलायला लागतो, २४ ग्रॅमने क्ले तितकीच फुटते. सेफ्टी दर वेळी बंदूक उघडली की आपोआप लागणारी असेल तर क्लेवर वैताग येतो, ती साधी करून घेता येते. आणि फोरेंड बारीक असेल तर पंचवीस काडतुसांनंतर नळ्या हात भाजतात, चामड्याचं हँडगार्ड पहिल्याच दिवशी घ्या.